वादळानंतर स्विमिंग पूलचे पाणी पुन्हा पुन्हा हिरवे होत असेल, तर

यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीकडे उतरत जाणाऱ्या जमिनीवर आमचा केळीचा मळा आहे आणि मळ्यातल्या घराला लागून आठ मीटर लांब व चार मीटर रुंद असा लहानसा जलतरण तलाव आहे. तो एका टोकाला एक मीटर आणि दुसऱ्या टोकाला दीड मीटर खोल असल्यामुळे त्यात ४० घनमीटर, म्हणजे ४० हजार लिटर पाणी मावते. हा आकडा सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की पुढे दिलेली सर्व मापे त्याच हिशोबाची आहेत आणि ज्याचा तलाव लहान-मोठा असेल त्याने ती त्या प्रमाणात कमी-जास्त करून घ्यावीत.

आमची अडचण अशी होती. मे महिन्याच्या अखेरीस किंवा मृग नक्षत्राच्या तोंडावर वादळ येई, तलाव पालापाचोळ्याने आणि चिखलाने भरे, आम्ही तीन-चार दिवस राबून तो स्वच्छ करीत असू, पाणी निळे दिसू लागे आणि आठव्या-दहाव्या दिवशी ते पुन्हा हिरवे होई. क्लोरीन दुप्पट टाकला तरी फरक पडत नसे. तिसऱ्या वर्षी आमच्या सालदाराने साफसफाईच्या पहिल्याच दिवशी, जाळी हातात घेता घेता, "नाना, हे आठ दिवसांचं सोंग आहे, पुन्हा हिरवं होणार," असे सांगून टाकले आणि ते खरे ठरले. तेव्हा मात्र औषधे ओतण्याचे थांबवून मूळ कारण शोधायचे मी ठरवले.

खान्देशात समुद्रावरचे चक्रीवादळ त्याच्या मूळ जोराने पोहोचत नाही. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्याला धडकलेले निसर्ग चक्रीवादळही जमिनीवर सरकत सरकत दुबळे होत गेले. आमच्याकडे नुकसान करते ते उन्हाळ्याच्या शेवटी उठणारे वावधन. आधी धूळ, मग वारा, मग टपोरा पाऊस आणि कधी गारा, असा सगळा खेळ अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो आणि घड लागलेली उभी बाग आडवी होते. अमेरिकेतील फ्लोरिडासारख्या प्रदेशात वादळानंतर घरगुती तलावाची जी स्थिती होते, तिच्यात आणि आमच्या स्थितीत एक महत्त्वाचा फरक आहे. तिकडे किनाऱ्याजवळ समुद्राचे खारे पाणी आत येण्याची भीती असते, तर आमच्याकडे येते ते खतावलेल्या शेताचे पाणी. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळेच आमची तीन वर्षे वाया गेली.

पाण्याकडे वळण्यापूर्वी विजेचे पाहावे. पंपघर जमिनीच्या पातळीखाली असेल तर त्यात पाणी साचलेले असते, आणि डीपीवरून गेलेला पुरवठा अचानक परत आला की भिजलेली मोटर जळते किंवा ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाला धक्का बसतो. म्हणून मेन स्विच खाली पाडून त्यावर फडके बांधावे, मोटर पूर्ण वाळू द्यावी आणि वायरमनकडून मेगर (वायरीच्या आवरणाचा रोध मोजणारे यंत्र) लावून इन्सुलेशन तपासून घेतल्याखेरीज ती सुरू करू नये. एक मेगओहमपेक्षा कमी आकडा आला तर मोटर पुन्हा वाळवावी. तलावाच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, तर तो बसवेपर्यंत कोणीही पाण्यात उतरू नये.

दुसरी सावधगिरी सापांची. वादळी रात्री बिळांत पाणी शिरले की घोणस, मण्यार आणि नाग आडोसा शोधतात, आणि तलावाच्या काठावरील स्किमरची (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या खोबणीची) टोपली त्यांना फार सोयीची वाटते. आम्हाला एकदा तिच्यात वेटोळे घातलेली मण्यार आढळली. झाकण हाताने न उघडता लांब आकड्याने उघडावे आणि टोपली काठीने उचलावी. पडलेल्या केळीच्या पानांचा ढीगही हाताने उपसू नये.

पाणी कितीही घाण दिसले तरी तलाव रिकामा करण्याचा मोह टाळावा. पावसाने भिजलेली काळी माती फुगते आणि तलावाच्या भिंतींवर बाहेरून दाब देते. तळाखाली पाणी साचले असेल तर ते वर रेटते. आतल्या पाण्याचे वजन हाच त्या दाबाचा तोल असतो. तो काढून घेतला की भिंतीला तडे जातात, आणि हलका फायबरचा तलाव तर जमिनीतून वर उचलला जाऊ शकतो. आमच्या भागात बोअरवेलची पातळी फार खोल गेलेली असल्यामुळे खालून पाणी येणार नाही, असे मला वाटत असे. परंतु खोलवरचे भूजल वेगळे आणि चिकण मातीत वरच्या वर अडकून राहिलेले पावसाचे पाणी वेगळे, हे आमच्या काठाच्या फरशीला गेलेल्या तड्याने मला शिकवले.

यानंतर पाने, फांद्या, उडून आलेले पत्रे, शेडनेटचे तुकडे आणि ठिबकच्या नळ्या काढाव्यात. या कामात एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. केळीची पाने आणि खोडांचे तुकडे त्याच दिवशी बाहेर काढावेत, कारण केळीच्या चिकाचे डाग टाइलांच्या सांध्यांत बसले की वर्षभर निघत नाहीत.

आता चिखल. पहिल्या वर्षी आम्ही पंप लावून वाळूच्या फिल्टरमधून रात्रंदिवस पाणी फिरवले. फिल्टर दर चार तासांनी तुंबे, आम्ही बॅकवॉश करीत (पाणी उलटे फिरवून फिल्टर धूत) असू आणि तरीही पाणी चहासारखे गढूळच राही. याचे कारण साधे आहे. वाळूचा फिल्टर साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे कण अडवतो, तर काळ्या मातीतील चिकण कण २ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. ते फिल्टरमधून आरपार जाऊन पुन्हा तलावात येतात. शिवाय या कणांवर ऋण भार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि कित्येक दिवस तरंगत राहतात. तुरटीतील ॲल्युमिनियम हा भार मोडते, कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे पुंजके तळाशी बसतात. आपल्या आजीने माठातल्या पाण्यात तुरटी फिरवली ती याचसाठी.

मात्र तुरटी किती, हे अंदाजाने ठरवू नये. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवून ठेवावी. तलावाच्या पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या चार पारदर्शक बाटल्या ओळीने मांडाव्यात आणि जनावरांच्या औषधाच्या सिरिंजने त्यांत अनुक्रमे २, ३, ४ आणि ६ मिलिलिटर तुरटीचे पाणी सोडावे. दर मिलिलिटरमागे बाटलीत १० मिलिग्रॅम तुरटी जाते. बाटल्या आधी जोरात आणि मग हळूहळू हलवून अर्धा तास ओट्यावर ठेवाव्यात. आमच्याकडे दोन मिलिलिटरच्या बाटलीत नुसती धुरकट छटा राहिली, तीनच्या बाटलीत कापसाच्या पेळूसारखे तुकडे तळाशी उतरले आणि वरचे पाणी नितळ झाले. सहाच्या बाटलीतही तेवढेच नितळ झाले. म्हणजे लिटरला ३० मिलिग्रॅम पुरेसे होते आणि ४० हजार लिटरला १ किलो २०० ग्रॅम तुरटी लागली. त्याआधी आम्ही कोणाच्या तरी सांगण्यावरून पाच किलो ओतत होतो. जास्तीची तुरटी पाण्याचा सामू (पीएच) खाली ओढते आणि अल्कलिनिटी, म्हणजे सामू स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद, खाते. ३० मिलिग्रॅमलाच ती सुमारे १५ मिलिग्रॅमने उतरते, तर पाच किलोला किती उतरत असेल हे वेगळे सांगायला नको.

तुरटीचे पाणी बादल्यांतून सगळीकडे सारखे पसरावे, फिल्टरजवळचा, पाण्याची वाट बदलणारा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह 'रीसर्क्युलेट'वर ठेवून पाणी फिल्टरला वळसा घालून तासभर फिरवावे आणि मग पंप रात्रभर बंद ठेवावा. सकाळी तळाशी राखाडी गोधडी पसरल्यासारखा गाळ दिसतो. तो व्हॅक्यूमने ओढताना व्हॉल्व्ह 'वेस्ट'वर हवा, म्हणजे गाळ फिल्टरमध्ये न जाता थेट बाहेर पडतो. हे काम फार सावकाश करावे लागते. आमच्या धाकट्याने घाई केली, गाळ उठला आणि एक अख्खी रात्र पुन्हा वाट पाहावी लागली.

पाणी नितळ झाल्यावर सामू ७.२ ते ७.६ आणि अल्कलिनिटी लिटरला ८० ते १२० मिलिग्रॅम यांच्या दरम्यान आणून ठेवावी. आमच्या बोअरचे पाणी जड असल्यामुळे सामू वाढवणारी सोडा ॲश क्वचितच लागते.

इथपर्यंतचे काम आम्ही पूर्वीही कमी-अधिक नीट करीत होतो. तरीही हिरवा रंग परतत होता, कारण खरी गोम क्लोरीनमध्ये होती, आणि तिथे एक नव्हे तर दोन दोष एकमेकांत गुंतलेले होते.

पहिला दोष युरियाचा. आमचा तलाव मळ्याच्या उताराच्या टोकाशी आहे. वरच्या बाजूला पिलबाग (जुन्या केळीच्या पिलांपासून वाढवलेली बाग) आहे आणि तिला ठिबकमधून खत दिले जाते. बांधाच्या कडेला खताची टाकीही आहे. वादळी पावसात बांध फुटला की त्या मातीसकट पाणी तलावात उतरते. मातीतील जिवाणू युरियाचे काही दिवसांत अमोनियात रूपांतर करतात, आणि अमोनिया क्लोरीनला अक्षरशः गिळतो. हिशोब करून पाहा. तलावात केवळ अर्धा किलो युरिया वाहून आला असे समजू. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे २३० ग्रॅम नत्र आले आणि ४० हजार लिटरमध्ये ते लिटरला पावणेसहा मिलिग्रॅम भरले. एक भाग अमोनिया-नत्र पूर्णपणे नष्ट करायला व्यवहारात सुमारे दहा भाग क्लोरीन लागतो. म्हणजे लिटरला ५७ मिलिग्रॅम, एकूण २ किलो ३०० ग्रॅम शुद्ध क्लोरीन, आणि ६५ टक्क्यांच्या कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या, म्हणजे क्लोरीनच्या पावडरीच्या, रूपात साडेतीन किलो. आम्ही 'शॉक', म्हणजे एकदम द्यायचा मोठा डोस, म्हणून टाकत होतो सहाशे ग्रॅम. तो अर्ध्या वाटेतच संपत असे, पाण्याला उग्र वास येत असे, मुलांचे डोळे चुरचुरत, आणि वास येतो म्हणजे क्लोरीन जास्त झाला असे समजून आम्ही पुढचा डोस टाळत असू. वस्तुस्थिती नेमकी उलटी होती. तो वास क्लोरीन आणि अमोनिया यांच्या अर्धवट संयोगाचा, म्हणजे क्लोरामाइनचा असतो, आणि तो क्लोरीन कमी पडल्याची खूण आहे.

आमची तपासणीची पद्धतही आम्हाला फसवत होती. पिवळा रंग दाखवणारे स्वस्त किट एकूण क्लोरीन मोजते, त्यात हा निकामी क्लोरीनही धरला जातो. मोकळा, म्हणजे अजून कामाचा उरलेला, क्लोरीन कळण्यासाठी डीपीडीची (क्लोरीन असल्यास पाणी गुलाबी करणाऱ्या रसायनाची) एक नंबरची गोळी वापरावी आणि एकूणसाठी तीन नंबरची; दोन्हींतील फरक म्हणजे क्लोरामाइन. एक खबरदारी मात्र घ्यावी. क्लोरीन फार जास्त असेल तर गुलाबी रंग क्षणभर चमकून उडून जातो आणि कोरे पाणी पाहून माणूस शून्य समजतो. अशा वेळी तलावाचे एक भाग पाणी चार भाग साध्या पाण्यात मिसळून पुन्हा तपासावे आणि आलेल्या आकड्याला पाचाने गुणावे.

किती क्लोरीन लागेल हे बादलीत आधी पाहता येते. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम कॅल्शियम हायपोक्लोराइट विरघळवावे. तलावाचे दहा लिटर पाणी प्लॅस्टिकच्या स्वच्छ बादलीत घेऊन सावलीत ठेवावे आणि त्यात या द्रावणाचे १५ मिलिलिटर टाकावे. त्याने बादलीत लिटरला साधारण १० मिलिग्रॅम क्लोरीन होतो. तासाभराने मोकळा क्लोरीन तपासावा. नसेल तर पुन्हा १५ मिलिलिटर. असे करीत मोकळा क्लोरीन टिकून राहू लागेपर्यंत जेवढे डोस लागतील, त्यातील प्रत्येकासाठी तलावाला ६१५ ग्रॅम पावडर लागेल. आमच्या बादलीला पाच डोस लागले, म्हणजे तीन किलोपेक्षा थोडे जास्त. ते दोन संध्याकाळींत विभागून टाकले, कारण दिवसा उन्हात क्लोरीन उडून जातो.

पावडर नेहमी पाण्यात टाकावी, पावडरीवर पाणी ओतू नये. तिचा चमचा, डबा किंवा बादली टीसीसीएच्या (दुसऱ्या प्रकारच्या क्लोरीनच्या) गोळ्यांसाठी वापरू नये. ही दोन रसायने एकत्र आली तर आग लागू शकते किंवा स्फोट होऊ शकतो. आम्लाचा कॅन तिच्या शेजारीसुद्धा ठेवू नये, कारण दोहोंच्या संपर्कातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

दुसरा दोष मला सर्वांत उशिरा कळला, आणि तो वादळाने नव्हे तर आम्हीच वर्षभर साठवलेला होता. तलावाची देखभाल करणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे आम्ही आठवड्याला टीसीसीएच्या २०० ग्रॅमच्या दोन गोळ्या तरंगत्या डबीत घालत होतो. या गोळीतून क्लोरीनबरोबर सायन्युरिक आम्लही पाण्यात उतरते. उन्हापासून क्लोरीनचे रक्षण करायला ते थोडे हवेच, लिटरला ३० ते ५० मिलिग्रॅम. पण ते उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही, साठत राहते. एका गोळीतून सुमारे १११ ग्रॅम म्हणजे आमच्या तलावात लिटरला पावणेतीन मिलिग्रॅमची भर पडते. दोन गोळ्यांप्रमाणे तीस आठवड्यांत ती १६५ च्या आसपास जाते. बॅकवॉश आणि उडालेले शिंतोडे यांत थोडे जाते इतकेच. हे आम्ल वाढले की क्लोरीन असूनही बांधलेला राहतो. शेवाळ रोखण्यासाठी मोकळा क्लोरीन आम्लाच्या साधारण साडेसात टक्के असावा लागतो, म्हणजे १५० ला अकरा मिलिग्रॅमहून अधिक, आणि आम्ही दोनवर समाधानी होतो. सायन्युरिक आम्लाच्या चाचणीत पाणी दुधाळ होते, आणि आम्ल जितके जास्त तितक्या कमी पाण्याखाली नळीच्या तळाचा काळा ठिपका झाकला जातो; आमच्या नळीत तो दोन बोटे पाण्यातच दिसेनासा झाला तेव्हा उलगडा झाला. वादळ न आलेल्या महिन्यांत पाणी कसेबसे तग धरत होते, एवढेच.

यावर पाणी बदलण्याखेरीज उपाय नाही, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी बदलणे म्हणजे बागेच्या तोंडचा घास काढणे. मे महिन्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडाले तरी ३२० लिटरची भर घालावी लागते, आणि उडते ते केवळ पाणी, क्षार आणि आम्ल मागेच राहतात. उत्तर मिळाले ते पावसात. जळगाव जिल्ह्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; आमच्या ३२ चौरस मीटर पृष्ठभागावर तो २२ घनमीटर होतो, म्हणजे अर्ध्या तलावाहून जास्त निर्मळ पाणी फुकट मिळते. अट एकच की आकाशाचे पाणी येऊ द्यावे, शेताचे येऊ देऊ नये. तेव्हापासून आम्ही पावसाळ्यात मोठ्या सरीपूर्वी तलावाची पातळी वीतभर उतरवतो, त्याहून खाली कधीच नाही, आणि सर त्याला पुन्हा भरते. उतरवलेले पाणी काही दिवस उन्हात ठेवून क्लोरीन गेल्याची खात्री झाल्यावर बांधावरच्या कडुनिंबांना देतो. पहिल्या पावसाळ्याअखेर आम्ल सत्तरच्या आसपास आले. गोळ्या आता आम्ही गावाला जाताना तेवढ्याच वापरतो; एरवी रोज संध्याकाळी मोजून हायपोक्लोराइट.

शेताचे पाणी अडवायला फार खर्च आला नाही. तलावाच्या वरच्या अंगाला बांधालगत फूटभर खोल चर खणून तिला शंभर फुटांना एक फूट असा उतार दिला आणि ती नाल्याकडे वळवली. तिच्या काठाने वाळा लावला, तलावाची काठाची फरशी भोवतालच्या जमिनीपेक्षा सहा इंच उंच केली आणि खताची टाकी उताराच्या खालच्या बाजूला हलवली. चर दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास साफ करावी लागते, नाही तर ती केळीच्या पानांनीच तुंबते.

यंदाच्या वादळात बाग पडली ती पडलीच, पण चरीतून वाहणारे तांबूस-काळे पाणी तलावाला वळसा घालून नाल्यात गेलेले मी ओसरीवरून पाहिले. तलावात पाने आणि धूळ तेवढी पडली. बाटल्यांच्या परीक्षेत दोन मिलिलिटर तुरटी पुरली, बादलीला क्लोरीनचा एकच डोस लागला आणि दहाव्या दिवशी तळाच्या टाइलांमधील सांधे काठावरून मोजता येत होते. काठाच्या फरशीचा तडा मात्र अजून तसाच आहे. दिवाळीनंतर माती पूर्ण आकसली की तो भरावा असे गवंड्याने सांगितले आहे, तोवर त्यात पाणी मुरू नये म्हणून वरून डांबराचा पट्टा लावून ठेवला आहे.